गच्चीवरची पाटलीण आणि आबांचं पान

आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी बाजरी व्हायची, हे गोजाबाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी थेरगावात नवीनच राहायला आले होते. लिफ्टमध्ये त्या भेटल्या. हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी, पायांत रबरी चपला आणि चपलांना ओला चिखल. "कितव्या मजल्यावर?" असं विचारलं तर म्हणाल्या, "बांधाच्या वर." मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. पार्किंगमध्ये वॉचमनची खुर्ची असते तिथे त्यांच्या शेताचा बांध होता, आणि त्यांचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट बरोबर त्या बांधाच्या डोक्यावर येतो. "बिल्डरला सांगून घेतला," त्या म्हणाल्या. "आपली जागा सोडून दुसरीकडं निजायचं कशाला?"

माझा फ्लॅट त्यांच्या समोरचा. त्यामुळे पुढे रोजचं येणंजाणं झालं.

थेरगावचं रान असं इमारतीखाली गेलं, पण ताथवड्याचा एक तुकडा राहिला होता. विहीर, शेवग्याची दोन झाडं, आणि मेथी-कोथिंबिरीचे वाफे. चारी बाजूंनी इंजिनिअरिंग कॉलेजं आणि मुलींची हॉस्टेलं उभी राहिली, आणि मधे हा हिरवा रुमाल टाकल्यासारखा तुकडा. गोजाबाई आणि त्यांचे यजमान ज्ञानदेव, ज्यांना सगळे आबा म्हणत, रोज सकाळच्या बसने तिथे जायचे. आबा पाणी धरायचे, गोजाबाई भाजी खुडून जुड्या बांधायच्या आणि हॉस्टेलच्या दारात बसायच्या. तिथल्या मुली भाजी कमी घ्यायच्या आणि गप्पा जास्त मारायच्या. "आजी, तुमचं रील काढू का?" असं एकीने विचारलं, तेव्हा गोजाबाई म्हणाल्या, "काढ, पण जुडी घेऊन काढ."

आबा गेले ते एका फेब्रुवारीत, झोपेत, कुणालाही त्रास न देता. दहाव्याला मी पवनेच्या घाटावर गेले होते. पिंड ठेवून गुरुजी मागे सरायच्या आतच कावळा शिवला. थोरला मुलगा रंगराव डोळे पुसत म्हणाला, "आबांची काहीच इच्छा राहिली नव्हती." तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी गोजाबाई पुन्हा बसस्टॉपवर, एकट्या.

रंगराव वाकडला बंगल्यात राहतो. त्याचे जेसीबी भाड्याने फिरतात. गणपती मंडळ, हळदीकुंकू, क्रिकेटच्या स्पर्धा, कुठेही माईक दिसला की रंगराव उभा राहतो आणि "सर्वप्रथम" म्हणून सुरुवात करतो. ते सर्वप्रथम संपेपर्यंत लोकांचा चहा गार होतो. माणूस मनाने चांगला. धाकटा किसन चाकणच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि आईजवळ राहतो. तो फारसं बोलत नाही. थोरला बोलत असताना कुणाला संधीही मिळत नाही.

ताथवड्याच्या तुकड्यावर हॉस्टेल बांधायला एक पार्टी तयार होती. घरात माणूस गेलं की वर्षभर असा व्यवहार करत नाहीत, म्हणून रंगराव थांबला होता. वर्षश्राद्ध झालं की इसार घ्यायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. "आई, तुला उन्हातान्हात मरायचंय का त्या वाफ्यांत? आराम कर की आता," असं तो दर रविवारी सांगायचा. गोजाबाई त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायच्या.

मी एकदा म्हटलं, "तुमची सही लागेल ना? करू नका."

"न्हाई म्हणायला मला कोण अडवतंय, बाई? पण मी न्हाई म्हणले की तो किसनला म्हणणार, तूच आईचं कान भरलंस. मग दोघं दोन तोंडं करून बसणार. रानापायी पोरं तुटलेली लई बघितली मी ह्या गावात." मग म्हणाल्या, "आन् आराम करायचा म्हंजे काय करायचं असतं, ते तरी सांगावं कुणी. सकाळी उठून मी ह्या हातांचं काय करू?"

आबा गेले त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या इमारतीवर नवे भाडेकरू आले.

गच्चीच्या कठड्याखाली एक अरुंद सज्जा आहे, नुसता शोभेसाठी काढलेला. तिथे कबुतरांची वस्ती होती आणि आम्ही सगळे त्या घाणीने त्रासलो होतो. सोसायटीत जाळ्या बसवायची चर्चा चालू असतानाच कबुतरं गायब झाली. मग बाल्कन्यांमध्ये पिसं पडू लागली. एके सकाळी माझ्या तुळशीच्या कुंडीत पोपटाचा अख्खा हिरवा पंख. मी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले, पक्ष्यांच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि तारखेसह वहीत टिपून ठेवलं. पाटीसारखी काळसर पाठ, विटकरी पोट, आणि गालांवर झुपकेदार मिशा असाव्यात तसे काळे पट्टे. बहिरी ससाणा, जोडीने.

गोजाबाईंना दाखवलं. त्यांनी दुर्बीण उलटी धरली, मग सुलटी धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यातली बाई कोण?"

"मोठी आहे ती मादी. नर लहान असतो."

"अगं बया! पाटलीण थोराड आन् पाटील एवढुसा." तेव्हापासून मादीचं नाव पाटलीण पडलं ते पडलंच.

आम्ही दोघी दुपारी गच्चीवर जायला लागलो. पाण्याच्या टाकीच्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहिलं की खालचा सज्जा दिसतो. नर शिकार घेऊन यायचा, लांबूनच ओरडायचा, मग पाटलीण झेप घेऊन हवेतच त्याच्या पायांतलं भक्ष्य काढून घ्यायची. "डबा आला," गोजाबाई म्हणायच्या. जानेवारी संपता संपता पाटलीण सज्ज्यावर बसून राहू लागली. घरटं असं काहीच नाही. एक काडी नाही की गवत नाही. सज्ज्यावर साचलेल्या वाळूखडीत छातीने घासून केलेला खळगा आणि त्यात तांबूस ठिपक्यांची अंडी. डबा आला की पाटलीण तो घेऊन समोरच्या टॉवरच्या टाकीवर जेवायला जायची, आणि तेवढा वेळ नर अंड्यांवर बसायचा. "शिफ्ट बदलली," असं किसनच्या भाषेत गोजाबाई सांगायच्या.

आणि कावळे. आबा जेवणाआधी रोज गच्चीवर कावळ्याला घास ठेवत; ते गेल्यावर गोजाबाई ठेवू लागल्या. पाटलीण आल्यापासून तो घास संध्याकाळपर्यंत वाळत पडायचा. एखादा कावळा चुकून इमारतीच्या वर आलाच, तर ती अशी वरून कोसळायची की बिचारा पंख आवरत खालच्या नारळांत घुसायचा. हे आम्ही दोघींनी डोळ्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. रंगराव म्हणाला होता, "पान खाली पार्किंगमध्ये ठेवू, वर ऊन लागतं."

"वर ठेवायचं," गोजाबाई म्हणाल्या. "आबा रोज घास कुठं ठेवायचे? वरच."

दुपारी सगळे गच्चीवर जमलो. केळीच्या पानावर भात, वरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. पान कठड्यावर ठेवून सगळे उन्हासाठी घातलेल्या मांडवाच्या सावलीत मागे सरले आणि "काव, काव" सुरू झालं. पलीकडच्या टॉवरवर चार कावळे ओळीने बसले होते. मानही वळवेनात. एक उडाला, अर्ध्या वाटेवर आला, आणि वरून काहीतरी सर्रकन आलं तसा माघारी पळाला.

"घार असंल," रंगराव म्हणाला.

माझ्या लक्षात आलं. मी तोंड उघडणार तोच गोजाबाईंनी माझा हात घट्ट दाबला. चेहरा मात्र पानाकडे, अगदी गरीब.

कावळा येईना म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, आणि ती पुरी करण्याचा शब्द कुणीतरी द्यायला हवा. हे सगळ्यांना ठाऊक. रंगराव पुढे झाला, हात जोडले, घसा साफ केला. "आबा, सर्वप्रथम तुम्ही आमच्यासाठी जे जे केलं त्याबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय..." असं बरंच झाल्यावर मुद्दा आला. "...तर उत्कर्षाचं लग्न थाटात करतो."

त्याची मुलगी उत्कर्षा मागून म्हणाली, "पप्पा, मला विचारलंत का?"

कावळ्यालाही ते पटलं नाही. किसनने तंबाखू सोडायचा शब्द दिला. "आबाला ठावं हाय तू न्हाई सोडत ते," कुणीतरी चुलते म्हणाले. मग कुणी गावच्या देवळाला घंटा बोलली, कुणी आबांच्या नावाने पाणपोई. पानावरच्या खिरीवर साय धरली. वड्यांचा वास सुटलेला आणि लोक सकाळपासून उपाशी.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात आहे."

"गवताचा कावळा न्हाई चालायचा," गोजाबाई म्हणाल्या. "माझा नवरा खरा व्हता, कावळा बी खराच पाहिजे."

"दादा, बोल की काहीतरी," किसन घड्याळाकडे बघत कळवळला. "माझी सेकंड शिफ्ट आहे. बस निघून जाईल."

तेवढ्यात लांबून ओळखीचा आवाज आला. डबा. गोजाबाईंनी मान जराशी वर केली. सज्ज्यावरून पाटलीण सुटली, हवेत देवघेव झाली, आणि ती समोरच्या टाकीकडे गेली. नर कठड्याखाली उतरला, अंड्यांवर बसायला. आता थोडा वेळ कावळ्याला अडवणारं कुणी नाही, हे मांडवाखाली आम्हा दोघींनाच कळत होतं.

"रंगा," गोजाबाई म्हणाल्या, "तुझ्या मनात काय हाय ते आबाला ठावं हाय. तेच बोल. आन् थोडक्यात बोल."

रंगरावचा चेहरा पडला. त्याने पानाला हात जोडले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, ताथवड्याचं रान न्हाई विकत."

कावळा आला. पानाच्या कडेवर बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि वडा उचलून गेला.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रंगराव हमसून रडला आणि मग पोटभर जेवला. किसन बसच्या मागे धावला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी विचारलं, "गोजाबाई, हा काय प्रकार?"

"कसला प्रकार? मी खोटं बोलले का काही?"

"तुम्ही वेळ साधलीत."

"साधली." त्या शिडीवर चढून सज्ज्यात डोकावल्या. "बाई, आबा जित्ते असते तर हेच बोलले असते. पण रंगानं ऐकलं नसतं. मेलेल्या माणसाचं पोरं लवकर ऐकतात. आन् मला सांगा, सबंध गाव सोडून पाटलीण हिथंच का आली? ह्याच वर्षी का आली? ते काय माझ्या हातात व्हतं?"

मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

मार्चमध्ये पिल्लं निघाली. तीन पांढरे कापसाचे बोळे आणि भुकेचा नुसता गोंगाट. सोसायटी खूष, कारण कबुतरं गेली ती गेलीच. उत्कर्षा सुट्टीत आजीकडे आली, तिने व्हिडिओ काढला आणि सगळीकडे पाठवला. तिथेच घोटाळा झाला. कुणा पक्षीमित्राने खाली लिहिलं, की ही जोडी घरट्याच्या आसपास कावळ्याला फिरकू देत नाही.

रविवारी रंगराव आला तो थेट आईच्या स्वयंपाकघरात. मी तिथेच कुरडयांचा चीक ढवळत होते.

"आई, ते पाखरू कधीपासून हाय?"

"आलंय थंडीत."

"म्हंजे आबांच्या पानाच्या दिवशी व्हतं?"

"असंल."

"असंल न्हाई, व्हतं! मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही सगळं लिहून ठेवता."

लहानपणी सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला खोटं बोलायची सवय लागू दिली नव्हती, आणि त्या वेळी मला त्याचं फार वाईट वाटलं. "होतं," मी म्हणाले.

"बघ! म्हंजे आबांनी कावळा अडवलाच न्हवता. पाखरानं अडवला. मग माझा शब्द कसला धरायचा?"

गोजाबाईंनी गॅस बारीक केला. "अडवला पाखरानं, बरं. मग तू रानाचं बोलल्याबरोबर सोडला कसा?"

रंगराव अडखळला. "तो... योगायोग."

"आसं का? उत्कर्षाच्या लग्नाला योगायोग न्हाई, किसनच्या तंबाखूला न्हाई."

रंगरावने दोन फेऱ्या मारल्या आणि तोडगा काढला. "अखितीला पितरांना घास देतोच आपण. परत पान ठेवू. हिथं न्हाई, घाटावर. तिथं तुझी पाटलीण न्हाई. मी आबांना सरळ विचारणार, रान विकू का? शिवला कावळा, तर तू आनंदानं सही करायची. न्हाई शिवला, तर मी जन्मात नाव काढणार न्हाई."

गोजाबाई माझ्या हातून पळी घेऊन चीक ढवळू लागल्या. "चालंल," म्हणाल्या.

तो गेल्यावर मी त्यांच्यावर रागावलेच. "घाटावर कावळा शिवल्याशिवाय राहतो का? दहाव्याला पाहिलं नाही तुम्ही? कबूल कसं केलंत?"

"न्हाई म्हणले असते, तर मीच लबाडी केली असं झालं असतं."

पुढचा आठवडाभर त्या ताथवड्याहून उशिरा यायच्या. एके दिवशी शेवग्याच्या शेंगांचा भारा माझ्या दारात टाकला. इतक्या कशाला म्हटलं, तर म्हणाल्या, "असू द्या. पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय." हॉस्टेलच्या एका मुलीला त्यांनी मेथी कशी पेरायची ते कुंडीत करून दाखवलं, असंही कळलं. इकडे पिल्लांना पंख फुटले होते. एक धीट पिल्लू सज्ज्यावरून निघालं ते गच्चीवरच्या आमच्या वाळवणाच्या प्लास्टिकवर येऊन आदळलं. कुरडयांच्या मधोमध बसून त्याने आम्हा दोघींना डोळे वटारून दाखवले, आणि तासाभराने पुन्हा सज्ज्यावर गेलं. गोजाबाई त्या आठवड्यात तेवढ्याच एकदा हसल्या.

अक्षय्य तृतीयेला आम्ही सगळे घाटावर गेलो. गोजाबाई पहाटे उठून वडे तळून, गरम पितळी डब्यात घेऊन आल्या होत्या. घाटावर कावळेच कावळे. पायऱ्यांवर, कठड्यावर, लोकांच्या चपलांमध्ये. रंगरावने इस्त्रीचा सदरा घातला होता. गुरुजींनी पान मांडलं, गोजाबाईंनी त्यावर वडे ठेवले. वाफ निघत होती.

रंगराव पुढे झाला, हात जोडले, घसा साफ केला.

"आबा, सर्वप्रथम आजच्या या पवित्र दिवशी आम्ही सर्व..."

पहिला वडा गेला.

रंगरावने डोळे मिटलेले. "...कुटुंबीय आपल्या चरणी..."

दुसरा गेला, भात उडाला, दोन कावळे खिरीवरून भांडू लागले.

"दादा," किसन म्हणाला, "दादा, डोळे उघड."

त्याने डोळे उघडले तेव्हा पानावर फक्त आमसुलाची चटणी होती.

"अरे! मी विचारलंच न्हाई अजून!"

"न विचारता जेवला," गोजाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हंजे त्याचं काय मागणं न्हाई. हाय तसं बरं हाय म्हणतोय. रान कुणाचं हाय सध्या? आपलंच ना?"

"गुरुजी, दुसरं पान ठेवू," रंगराव घाईने म्हणाला.

"एका दिवसात दोनदा नाही ठेवत हो," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढच्या घरी जायचं होतं.

रंगराव चटणीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतो आहे, पण तो हसत होता, पोट धरून, पायरीवर बसून. "आबा बी असंच करायचे," तो म्हणाला. "मी बोलायला लागलो की उठून जेवायला बसायचे." किसन हसला, उत्कर्षा हसली, गुरुजीही. "बरं, आई. न्हाई विकत. पण विहिरीची मोटर मी नवी बसवणार. त्याला कावळ्याची परवानगी लागत न्हाई."

परतताना रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मला काय ठावं असणार? सात दिवस झोप न्हाई मला," गोजाबाई म्हणाल्या. पितळी डबा त्यांनी मांडीवर घट्ट धरला होता. "पण घाटावरच्या कावळ्यांना दम नसतो, आन् आमच्या रंगाच्या भाषणाला शेवट नसतो. एवढ्यावरच व्हते बघा मी."

मोटर बसली. मेथी बरी आली. पाऊस संपल्यावर रंगराव पाहुण्यांना घेऊन गच्चीवर येऊ लागला, आणि डिसेंबरात जोडी परत आली तेव्हा आपण स्वतःच तिला आमंत्रण दिल्यासारखं सांगू लागला, "सर्वप्रथम, ह्या पाखराचं नाव पाटलीण."

या फेब्रुवारीत आबांचं दुसरं श्राद्ध झालं. रंगराव पान घेऊन लिफ्टकडे निघाला, तर गोजाबाईंनी त्याला पार्किंगमध्येच थांबवलं.

"आई, तूच म्हणालीस ना, वरच ठेवायचं?"

"औंदा खालीच ठेव," त्या म्हणाल्या. "औंदा काय मागायचं न्हाई. जेवण कशाला गार करायचं?"